धुक्यातला धूर

३ सप्टेंबर, वॉल्विस बे

आज पुन्हा खोटं बोलले. फेमकेने विचारलं, लुडेरित्झचा किनारा अजून का दाखवला नाही? म्हटलं, तिथे वारा फार, कॅमेरा हलतो. सतरा वर्षं सिनेमावाल्यांना जागा शोधून देतेय, आणि सतरा वर्षं हे एकच कारण पुरवून पुरवून वापरतेय! वारा आहे, ते खरंच. पण मी जात नाही ते दादामुळे. तो तिथे राहतो. आई इकडे कुइसेब नदीच्या काठी, आमच्या जुन्या घरात. मी नऊ वर्षांची होते तेव्हा दादा घर सोडून मासेमारीच्या बोटीवर गेला. बत्तीस वर्षं झाली. त्यानंतर त्याचं तोंड पाहिलं नाही.

गाडीत हामुतेन्या हसत होता. "मेमे, लुडेरित्झचं नाव काढलं की तुमचं पोट दुखतं बघा." मेमे म्हणजे आई! उत्तरेकडची माणसं कुठल्याही बाईला तसंच म्हणतात, पण हा माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. पुढे बघून गाडी चालव म्हटलं.

४ सप्टेंबर

फेमकेला मिठागरं दाखवली, रोहित पक्ष्यांची खाडी दाखवली, समुद्रात उतरणारे वाळूचे डोंगर दाखवले. डच बाई, दिग्दर्शिका, बोलायला मऊ आणि ऐकायला कठीण. "फारच सुंदर आहे," म्हणाली. "मला इतकं सुंदर नको."

मग काय हवं? काहीच नको, म्हणे. रिकामा माळ, सकाळचं धुकं, एक घर, त्या घरातून निघणारा धूर. बस.

मला जागा लगेच आठवली. गप्प बसले.

५ सप्टेंबर

गप्प बसणं जमलं नाही. बोलून गेले – आमच्या घरामागचा माळ बघा.

७ सप्टेंबर, आईकडे

आमच्या वस्तीत गाडी थेट दाराशी आणत नाहीत. घर दिसेल एवढ्या अंतरावर थांबायचं आणि वाट बघायची. घरच्यांना पाहुणा यावासा वाटला तर ते अंगणातल्या चुलीवर किटली ठेवतात. धूर दिसला की यायचं. नाही दिसला तर मुकाट्याने मागे फिरायचं, कारण विचारायचं नाही. पाहुण्याचाही मान राहतो आणि घराचाही.

आम्ही उत्तरेच्या रस्त्यावर थांबलो. आईने आम्हाला चांगली वीस मिनिटं ताटकळत ठेवलं. फेमके दोनदा म्हणाली की घरात कुणी नसेल. हामुतेन्या तिला सांगत होता, आहे, शेळ्या दावणीला आहेत आणि म्हातारी मजा बघतेय. मग धूर निघाला.

आईने शेळीच्या दुधाचा चहा दिला. फेमकेकडे पाहून मला आमच्या भाषेत म्हणाली, "ही जेवत नाही का कुठे?" मी भाषांतर केलं नाही.

माळ बघून फेमके चार पावलं पुढे गेली. बराच वेळ उभी राहिली. मग तिचं लक्ष जमिनीवर गेलं. चाकांचे माग. घराच्या मागून निघून पश्चिमेला, किनाऱ्याकडे गेलेले.

"हे पुसता येतील?"

येतात. या माळावर चाक एकदा गेलं की माग माणसाच्या जन्मापेक्षा जास्त टिकतो. म्हणून तर आता परवानगीशिवाय इथे चाक टाकू देत नाहीत. पण झाडू घेऊन माणसं पायी गेली, खडे हाताने सारखे केले, तर माग बुजतो. पूर्वी एका जाहिरातीसाठी मी ते करून घेतलंय. म्हटलं, येतील.

ते दादाचे माग आहेत, हे म्हटलं नाही. गेला त्या दिवशीचे.

आई अंगणात बसून नाराच्या, आमच्याकडच्या रानटी खरबुजाच्या, बिया दाताने फोडत होती. तिला सगळं कळलं असणार. बी फोडायची थांबली नाही.

८ सप्टेंबर

किती माग पुसावा लागेल ते बघायला सकाळी एकटी चालत गेले. लहानपणी आईने ताकीद दिली होती – मागाच्या बाजूला शेळ्या न्यायच्या नाहीत. बत्तीस वर्षं मी ती पाळली. सिनेमाचं निमित्त नसतं तर आजही पाळली असती.

पश्चिमेच्या टेकाडापर्यंत दादाचा माग सरळ जातो. रुंद, जुन्या पिकअपचा. टेकाडावर पोचले आणि थबकले. तिथे दुसरे माग आहेत! किनाऱ्याकडून आलेले. टेकाडावर थांबून, वळून, परत किनाऱ्याकडे गेलेले. एक नाही, तीन. तीन वेगवेगळी चाकं, तीन वळणं, जवळजवळ एकाच जागी. शेळीचा माग बघून ती कुणाची ते मला सांगता येतं, चाकाचं काय घेऊन बसलात.

आणि एका सपाट दगडावर मासळीचे तीन गंजलेले डबे, ओळीने मांडलेले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकात एक खडा. मासळीच्या कारखान्यात आणि बोटींवर माणसांना मिळायचे तसले.

पर्यटक म्हणावं तर पर्यटक डबे असे मांडत नाहीत. खाली बसले थोडा वेळ. तिथून घर स्पष्ट दिसतं. चूलसुद्धा.

९ सप्टेंबर

आईला विचारलं. आडून आडून नाही, सरळ. दादा परत आला होता का?

वाटलं होतं उठून जाईल. नाही गेली. "तीनदा," म्हणाली. पहिल्या दोन वर्षांत. दर वेळी पहाटे. धुक्यात काही दिसायचं नाही, पण इंजिनाचा आवाज यायचा आणि टेकाडावर बंद पडायचा. इतक्या पहाटे समुद्राकडून आमच्या टेकाडावर दुसरं कोण येणार? तू झोपलेली असायचीस.

मग?

"मग काय? तीनदा किटली ठेवली. तीनदा चहा उकळून काळा झाला. आवाज आला तसा गेला."

मला दादा निघाला तो दिवस आठवतो. तिला त्याचं बोटीवर जाणं नको होतं. दारात उभी राहून म्हणाली होती, जायचं तर जा, पण परत येशील तेव्हा धूर दिसला तरच दारात ये. तो काही न बोलता गेला. मी पिकअपमागे धावले होते, थोडीशीच.

"धूर बघून परत गेला माणूस," आई आज म्हणाली. "एकदा नाही, तीनदा. चिडवायला यायचा." आणि शेळ्यांना शेंगा टाकायला गेली. मला तिचा राग आला आणि दादाचा तर फारच आला. रात्रीचं जेवण गेलं नाही.

१० सप्टेंबर

आज चाचणी. फेमकेला धुक्यातलं घर आणि त्याचा धूर हवा, तर तो कॅमेऱ्यात कसा दिसतो ते बघायचं होतं. हामुतेन्याला आईच्या अंगणात चुलीपाशी बसवलं. मी आणि फेमके पायी टेकाडावर, वॉकी-टॉकी घेऊन. सकाळचे सात. समुद्राकडून धुकं असं आलं होतं की स्वतःचे बूट दिसेनात.

हामुतेन्या म्हणाला, पेटवली. म्हटलं, काही दिसत नाही. म्हणाला, ओली फांदी घालतो. काही नाही. म्हणाला, मेमे, इथे माझे डोळे गेले धुराने, आणि तुम्हाला दिसत नाही म्हणता? तुमची आई शिव्या देतेय, अख्खं सरपण संपवलं म्हणून.

नाही दिसत, मी म्हणाले. धुक्यात धूर दिसत नाही.

हे बोलले आणि वॉकी-टॉकी बंद केला. फेमके कॅमेऱ्याशी खाटखूट करत होती. मी त्या दगडाशी, डब्यांशी उभी होते. ज्या जागी तो उभा होता तिथेच. त्याला हेच दिसलं असणार. तीनदा हेच, पांढरं, नुसतं पांढरं. आणि त्या पांढऱ्यापलीकडे किटली उकळत होती!

पावणेअकराला धुकं उठलं. घर दिसलं, धूर दिसला, सरळ उभा. फेमके टाळ्या वाजवायला लागली. माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं पाहून म्हणाली, हो ना, किती छान आहे ना!

११ सप्टेंबर

सांगू की नको? सत्तरीची बाई. बत्तीस वर्षांचा राग हाच तिचा टेकू. तो काढला तर तिला उभं कोण करणार?

१२ सप्टेंबर

सांगितलं.

ती चुलीपाशी होती. सगळं ऐकून घेतलं. टेकाडाकडे बघितलं, मग चुलीकडे, मग परत टेकाडाकडे. अंतर मापत असल्यासारखी. मी तिच्याजवळ बसले. रडली नाही. मीच रडले, तिने माझ्या हातात बियांची वाटी दिली.

चुलीत लाकूड सारून म्हणाली, "म्हणजे त्याला वाटलं, मी चूल पेटवलीच नाही."

हो.

"तीनदा."

हो, आई.

मग एकदम भडकली! "दुपारपर्यंत थांबायला काय झालं होतं गाढवाला? याच माळावर वाढला ना? धुकं उठतं हे ठाऊक नाही?" मी म्हटलं, दुपारी बोट सुटत असेल. म्हणाली, बोट गेली खड्ड्यात. मग म्हणाली, तू जाऊन विचार त्याला. माझ्याकडून विचार. हेच शब्द वापर.

निघताना मागांबद्दल विचारलं. फेमकेला आज उत्तर द्यायचं होतं. आईला राखून ठेवायचे असतील तर मी दुसरा माळ शोधणार होते, काम गेलं तरी चाललं असतं.

"पुसून टाका," आई म्हणाली. "आता रस्ता झालाय. यायचं असेल तर रस्त्याने येईल."

डबे मात्र मी आणून तिच्या चुलीजवळ ठेवलेत. तिने बघितले, हलवले नाहीत.

१३ सप्टेंबर, वॉल्विस बे

फेमकेला म्हटलं, तुम्हाला लुडेरित्झ बघायचं होतं ना? मी आधी जाऊन पाहणी करून येते. ती म्हणाली, पण तिथे वारा असतो ना? म्हटलं, असू दे.

हामुतेन्याने आज एकदाही चिडवलं नाही. टायरमधली हवा दोनदा तपासली.

१५ सप्टेंबर, आउस

उद्या पोचू. आईचे शब्द पाठ करतेय. गाढवाला.

१६ सप्टेंबर, लुडेरित्झ

पत्ता विचारत दुपारी पोचलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली, घर दिसेल एवढ्या अंतरावर. हामुतेन्याने इंजिन बंद केलं. मी उतरून उभी राहिले. गावात असं कुणी थांबत नाही, लोक बघायला लागले. वारा असा की उभं राहवेना.

एक वाकलेला, पन्नाशीतच म्हातारा झालेला माणूस दारात आला. दादा. डोळ्यांवर आडवा हात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला. वाटलं, संपलं.

तो लाकडं घेऊन बाहेर आला. अर्ध्या कापलेल्या पिंपात पेटवायला लागला. तीनदा वाऱ्याने विझलं. चौथ्यांदा अंगातला कोट काढून आडोसा धरला आणि पेटलं. धूर वर गेलाच नाही, आडवा पळाला. मग त्याने किटली ठेवली.

मला दिसलं. मी चालत गेले.