मागच्या बाकावर

वालेनी,
४ डिसेंबर १९७८

तीर्थरूप सावेता आत्यास एस्तेराचा प्रभूच्या नावे सलाम.

वि. वि. लोकरीचे मोजे पोचले, आईला अगदी बरोबर बसले. थंडीबरोबर तिचा दमा वाढलाय. अंगण ओलांडलं तरी धाप लागते.

नर्सिंगच्या शाळेचं काय ठरवलंस, असं तू विचारलंस. आत्या, ठरवायला मी मोकळी कुठे आहे? दादाला चर्चच्या मंडळीतून काढल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. मित्राच्या लग्नात सिमियोनदादाने अकॉर्डियन वाजवला. लोक प्यायले, नाचले. आपल्या मंडळीत हे पाप. सभेत उभं करून विचारलं तर म्हणाला, की मला पश्चात्ताप झालेला नाही, झाला म्हणालो तर देवासमोर खोटं होईल. मंडळीचे पुढारी म्हणून निर्णय बाबांनीच वाचला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

काढलेल्या माणसाबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, असा नियम. म्हणून दादा अंगणापलीकडे, उन्हाळ्यात वापरायच्या वेगळ्या स्वयंपाकघरात जेवतो. मक्याच्या पिठाची गरम मामालिगा आणि आंबवलेला कोबी घेऊन मी बर्फातून जाते. आई इथे दोन घास खाते, कधी तिकडे जाऊन दोन, म्हणजे कुठेच जेवत नाही. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. गाईचा खूर सुजलाय हेही मलाच सांगतात, त्याला सांग म्हणून. तो तिथेच उभा असतो! शाळेसाठी मी अरादला तुझ्याकडे आले तर या घरातलं बोलणंच बंद पडेल.

आमच्यासाठी गुडघे टेकत जा.
तुझी,
एस्तेरा


अराद,
१३ डिसेंबर

चि. एस्तेरास सावेता आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा बाप लहानपणापासून असाच. कुरणात शेणाला पाय लागेल म्हणून कडेकडेने चालायचा आणि हमखास खड्ड्यात पडायचा. मग बाहेर कोण काढणार? मी. हे त्याला वाचून दाखव, माझ्यावर चिडू दे. माझ्याशी तरी बोलेल.

पोरी, देव पवित्र आहे हे मी थट्टेवारी नेत नाही. प्रार्थनेत तो शब्द आला की अजूनही मी डोक्यावरचा रुमाल सारखा करते. आपण कसंही जगून चालणार नाही, हे तुझा बाप आव्राम म्हणतो ते खरंच आहे. पण पवित्र म्हणजे नुसतं लांब, हे काही मला पटत नाही. लांबच राहायचं असतं तर प्रभूने महारोग्याला हात लावला असता का? हात विटाळला नाही, रोगी शुद्ध झाला. त्याच्या लेकरांनी त्याच्यासारखं व्हायचं, तर मग कशासारखं व्हायचं, हे तुझ्या बापाला विचार.

खिडकीजवळची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. दादाला माझा मुका.
आत्या


वालेनी,
२२ जानेवारी १९७९

ती. आत्यास सलाम. वि. वि.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. खड्ड्याचं ऐकून ओठ हलल्यासारखे वाटले, पण म्हणाले, की सावेताला कळव, कुंपण मी घातलेलं नाही, देवाने घातलंय.

दादा दर रविवारी उपासनेला येतो आणि काढलेल्यांसाठी ठेवलेल्या मागच्या बाकावर बसतो. सध्या तिथे तो एकटाच आहे. अपमान करून घ्यायला कशाला जातोस, असं मी विचारलं. म्हणाला, की देवाचं भय बाबांनीच शिकवलं, ते मंडळीने काढलं म्हणून जात नाही.

आणि आत्या, गेल्या आठवड्यात मी कंटाळले. बाबांना सांगून टाकलं, की इथून पुढे मी कुणाचा निरोप नेणार नाही. नेला नाही. दादा लाकडाच्या कामासाठी शहरात निघाला, तेव्हा बाबा दारापर्यंत गेले. आईचं औषध संपलंय हे त्याला सांगायचं होतं, हे मला नंतर कळलं. तोंड उघडलं, मिटलं, आत आले. मला वाटलं, जनावराबद्दलच काही असेल. दादा संध्याकाळी रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचे ओठ निळे पडले. दादाने तिला पांघरुणात गुंडाळून घसरगाडीवर घातलं आणि दवाखान्यापर्यंत ओढत नेलं. बाबा मागून ढकलत होते. सगळ्या वाटेत दोघे एक शब्द बोलले नाहीत.

आई वाचली. मी पुन्हा निरोप नेऊ लागले. आता सांग, मी कुठे जाऊ?
एस्तेरा


वालेनी,
५ फेब्रुवारी

ती. आत्यास सलाम.

काल प्रभुभोजन होतं. बाबा पुढे उभे राहिले, भाकर हातात घेतली, मोडण्याआधीची प्रार्थना सुरू केली आणि देवाच्या पवित्रतेपाशी अडले. आम्हाला वाटलं, शब्द विसरले. मग हळू आवाजात म्हणाले, की माझा मुलगा या देवासमोर खोटं बोलला नाही आणि माझ्या गप्प बसण्याने माझी बायको मरत होती. या हातांनी मी भाकर मोडू शकत नाही. भाकर परत कापडावर ठेवली, सगळ्या मंडळीमधून चालत मागे गेले आणि दादाच्या शेजारी बसले. दादा बाजूला सरकला, जागा असूनही.

आई मोठ्याने रडली. उरलेली उपासना कशी झाली, मला आठवत नाही.

घरी आल्यावर बाबा त्यांच्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. सरळ उन्हाळी स्वयंपाकघरात गेले. म्हणाले, की नियम आहे तर आता माझी जागाही इथेच. आता मी दोघांची ताटं नेते! अंगणातून जाताना आतून आवाज येतात. भांडताहेत.
एस्तेरा


वालेनी,
१९ फेब्रुवारी

ताईस आव्रामचा सलाम.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. मंडळीने माझ्याबद्दल अजून काही ठरवलेलं नाही. ठरवतील ते योग्यच असेल, असं नाही. पण मी ऐकेन. देवाला भिऊन कसं चालावं, हे मी वीस वर्षं शिकवलं. त्या दिवशी भाकर हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा खरा घाबरलो. तो इतका जवळ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

अकॉर्डियनबद्दल माझं मत बदललेलं नाही. ते सिमियोनला मी स्वतः, तोंडावर सांगितलं. तोही गप्प बसला नाही. फ्लोरिकाचा दमा आता बरा आहे, आम्हा बापलेकांना हसते.

एस्तेराला शुक्रवारच्या बसने पाठवतो आहे. शाळेचं तू बघ. एक विनंती. आल्या आल्या तिला काही विचारू नकोस, इकडच्या गोष्टी सांगायला लावू नकोस. आमच्या दोघांचं बोलणं तिने एकटीने वाहिलं आहे. थोडे दिवस पोरीला गप्प बसू दे.

तुझा भाऊ,
आव्राम