वैशूची नायजेरियातली मैत्रीण

मंगळवार, संध्याकाळ

आज धाकट्या बहिणीवर जळले. वैशू कामठीहून आली होती. एका नव्या ॲपवर ती शिवणकामाचे व्हिडिओ टाकते, लोकांना आवडले की क्रिप्टोची नाणी मिळतात. नाण्यांचं मला काही नाही. पण ब्लेसिंग नावाची नायजेरियातली एक शिवणारी बाई तिच्याशी रोज बोलते. रोज!

चहा पिताना वैशू म्हणाली, "ताई, मले दिवस गेले. ब्लेसिंगले तर मागच्याच हप्त्यात सांगितलं."

"अन् मले आज सांगून राहिली वं?"

"तिनंच विचारलं, चेहरा काहून उतरला म्हणून."

व्हिडिओत पाहून त्या बाईला कळलं. रविवारी वैशू इथेच, माझ्यासमोर जेवली होती. मला का दिसलं नाही? मी नुसतं "अभिनंदन" म्हणाले. सख्ख्या बहिणीला कुणी अभिनंदन म्हणतं का?

ती गेल्यावर राहवेना. फोन केला. "काय खावंसं वाटते वं?"

"कवठाची चटणी," म्हणाली आणि रडायलाच लागली.

लगेच बाजारात जाऊन कवठं आणली. पाठव म्हणावं आता नायजेरियाहून!