फ्यूज ज्याच्या खिशात

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ठिणगी,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, आई बरी आहे. आम्हीही मजेत. तुझ्या वहिनीची पाठ अधूनमधून कुरकुरते आणि पाठीबरोबर वहिनीही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर मी "कशी आहेस?" विचारतो, तू "बरी" म्हणतेस आणि मी लगेच "घे, आईशी बोल" करून सुटका करून घेतो. बावीस वर्षं आपलं एवढंच बोलणं चाललंय.

तर काम असं आहे. डॉक्टरांनी आईला ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलंय. ते सध्या स्वयंपाकघराच्या लाइनवर चालतं, आणि त्याच लाइनवर फ्रिज, मिक्सर, पाण्याची किटली, सगळा गोतावळा. गेल्या आठवड्यात वहिनीने किटली चालू असताना मिक्सर लावला आणि एमसीबीचा खटका पडला. मशीन बंद! मी धावत जाऊन तो वर केला. आई शांत होती, घाबरलो मीच होतो. मशीनला बोर्डापासून थेट स्वतंत्र लाइन हवी, त्यात दुसऱ्या कुणाची भागीदारी नको.

तयारी मी करून ठेवली आहे. पाइप बसवला, अर्थिंगसकट अडीचची वायर ओढली, बोर्डापाशी दोन हात जास्त सोडली. एमसीबी सोळा अँपिअरचा आणलाय. बाबांचं वाक्य तुला पाठ असेल, "वायर सोसेल तेवढाच एमसीबी. मोठा बसवला तर तो झोपून राहतो आणि वायर जळते." मेनवरचा भार मोजला, पेलेल. बोर्डात एक जागा रिकामी आहे. राहिलंय ते फक्त झाकण उघडून लाइन जोडणं. ते तू येऊन करावंस. माझे डोळे आता साथ देत नाहीत.

एवढं लिहून मी चहा पिऊन आलो आणि पुन्हा वाचलं. डोळ्यांचं खोटं आहे. डोळे ठणठणीत आहेत, कालच आईला सुईत दोरा ओवून दिला. नमनाला घडाभर तेल पुरे झालं, आता लिहितो.

बाबांचा नियम होता, ज्याचा हात आत, मेनचा फ्यूज त्याच्या खिशात. तो पांढरा चिनीमातीचा फ्यूज काढायचा आणि खिशात टाकायचा, म्हणजे आपण काम करताना कुणी चुकूनही लाइन चालू करू शकत नाही. बावीस वर्षांपूर्वी बाबांच्या वतीने शिवणकामाच्या कारखान्यात इस्त्र्यांची नवी लाइन टाकायला आपण गेलो, त्या दिवशी हात तुझा आत होता. पण तुझ्या ड्रेसला खिसाच नव्हता. तू फ्यूज माझ्याकडे दिलास. म्हणालीस, "सांभाळ रे दादा, माझा जीव आहे तो." आणि हसलीस.

तू मध्येच शिडीवरून उतरून पकड घ्यायला आलीस. मला वाटलं, काम झालं. मालकीण घाई करत होती, बायका मशीनपाशी ताटकळल्या होत्या आणि मला रुबाब दाखवायचा होता. मी विचारलं नाही. बाहेर जाऊन फ्यूज लावला. तोवर तू पुन्हा वर चढली होतीस.

दवाखान्यात तुझा तळहात भाजलेला, मनगट मोडलेलं. बाबांनी मला बाहेर घेऊन विचारलं, "फ्यूज कुणाच्या सांगण्यावरून लावलास?" मी म्हणालो, "तिनेच लाव म्हटलं."

शुद्धीवर आल्यावर तू एकदाच म्हणालीस, "मी नव्हतं सांगितलं." बाबा म्हणाले, घाबरलीय पोरगी. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो. त्यांनी तुझा टेस्टर काढून घेतला आणि तुला तिकीटखिडकीवर नोकरीला चिकटवून दिलं. माझ्यापेक्षा तुझा हात सफाईदार होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. बाबा गेले तेही तुलाच निष्काळजी समजून. ते मला आता दुरुस्त करता येत नाही, ठिणगे. रडू येतं, पण त्याचा तुला काय उपयोग?

त्या दिवशी मशीन बंद पडल्यावर मी आईला सगळं सांगितलं.  संध्याकाळी ती म्हणाली, "मला काय सांगतोस? जिचा हात भाजला तिला सांग." मग तिच्याकडून कळलं, तू मागच्या वर्षी परीक्षा देऊन वायरमनचा परवाना काढलास. मला कुणी सांगितलं नव्हतं. का सांगतील?

तू माफ कर असं म्हणायची माझी छाती नाही. तू आली नाहीस तर मी दुसरा वायरमन बोलावेन, आईला ताटकळत ठेवणार नाही. पण आलीस तर बोर्ड तुझा. मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या टोकाला करंट असतोच, म्हणून फ्यूज मीटरपाशीच काढायचा. टेस्टर ठीक आहे ना बघायला आधी शेजाऱ्यांच्या चालू प्लगवर, मग बोर्डात, मग पुन्हा शेजाऱ्यांच्या प्लगवर. बघ, परवानेवालीला शिकवायला निघालो! मी खाली उभा राहून पकड देईन. काम चालू असेपर्यंत मशीनऐवजी सिलेंडर आहे, भरून आणून ठेवलाय.

काल सुईत दोरा कशाला, ते सांगायचं राहिलं. आईने तुझा तो बिनखिशाचा जुना निळा ड्रेस ट्रंकेतून काढला आणि त्याला खिसा लावला. मशीनची नळी नाकाला लावून, दोन दिवस बसून. शिवण वाकडी आहे, पण खिसा खोल आहे. फ्यूज त्यात राहील. तू स्वतःच्या हाताने काढून देईपर्यंत मी मागणार नाही.

तू म्हणशील तेव्हाच लाइन चालू करणारा,
तुझा दादा