सम्राटांच्या तापाची गोष्ट

नानचांग

प्रिय शिउयुन,

तुझ्या लग्नानंतर आज पहिल्यांदा लिहितेय, रागावू नकोस. फादर मो यांना काल दक्षिणेच्या नावेत बसवलं. नव्या सम्राटांचा हुकूम आहे, प्रांतात एकही पाद्री ठेवायचा नाही. त्यांचे पाय सुजलेत, चार पावलं चालले की धाप लागते. कॅन्टनपर्यंत ते तग धरतील का, हीच धास्ती घेऊन बसले आहे.

फादरांनी आपल्याला वाढवलं ते घर फार शांत झालंय. आठवतं, एकाच गोधडीत पाय खुपसून कू मावशी आपल्याकडून प्रार्थना घोकून घ्यायची? तू मध्येच पेंगायचीस, आणि ‘आमेन’ मात्र सगळ्यांच्या आधी म्हणायचीस.

तुझ्या काकाने तुला मिठाच्या व्यापाऱ्याला देऊ केलं आणि मग आपणहून माघार घेतली, असं आम्ही तुला सांगितलं. तसं नव्हतं गं. म्हातारे सम्राट तेव्हा तापातून उठत होते आणि द्राक्षांच्या दारूने त्यांना तरतरी येत होती. पाद्र्यांकडे असेल तेवढी पाठवा, असा हुकूम सगळीकडे गेला. आपल्याकडे मिस्सेच्या उपासनेत लागते तेवढी एकच बाटली. “आणि देवाला काय, चहा पाजायचा?” मावशी कारकुनावर खेकसली. फादरांनी बाटली काढून दिली. सुभेदार खूश झाले. म्हणाले, “मागा काय ते.” मावशी मागून कुजबुजत होती, “कौलं मागा, कौलं! देऊळ गळतंय.” फादर म्हणाले, “ती पोर आमच्याकडेच राहू द्या.” सुभेदार हसले, “या वयात लेकुरवाळं व्हायची हौस आली होय?” पण काकाला बोलावून त्यांनी तिथल्या तिथे दम भरला.

दारूवाचून त्या ईस्टरला मिस्सा झाली नाही. देऊळ अजून गळतं. “पोरीला सांगू नका, उपकाराखाली मान वाकेल तिची,” असं फादरांनी बजावलं होतं. मी मात्र त्या म्हाताऱ्या सम्राटांसाठी अजून प्रार्थना करते. त्यांना ताप आला म्हणून तू आम्हाला राहिलीस.

धर्माबाहेर लग्न केलंस, फादर रागावले असतील, म्हणून तू येणं सोडलंस. वेडी आहेस. दर सणाला ते विचारायचे, “शिउयुनची पोरं केवढी झाली असतील?” मावशी म्हणायची, “बोलावून घ्या की!” तर म्हणायचे, “तिला वाटेल तेव्हा येईल ती.”

आता वाट बघायला त्यांच्यापाशी वेळ नाही. तुमच्या कानचौच्या जकात नाक्यावर नावा अडकून पडतात, आणि तिथे तुझ्या नवऱ्याचा शब्द चालतो. हे पत्र आणणारा होडीवाला त्यांच्या आधी पोहोचेल. शिपायांना सांगून फादरांना घरी ने. पाय शेक, मऊ पेज दे, दम परत येईपर्यंत ठेवून घे. माफीबिफी मागत बसू नकोस. त्यांची नजर गेली आहे, समोर उभी राहिलीस तरी ओळखणार नाहीत. घाटावरूनच तुझं नाव सांग, मोठ्याने.

तुझीच,
चिंगलानताई