आठ की दहा

२ ऑक्टोबर, गुरुवार
यंदाच्या शिकारीच्या सीझनला नवी दुर्बीण घ्यायची. ठरलं. प्रश्न एवढाच की किती पटींची. जुनी आठची आहे. तिचं रबर सुटलंय आणि एक भिंग कडेने पांढरं पडलंय.

माझा शिकारीचा जोडीदार व्हर्लिन ट्वीट एप्रिलमध्ये गेला. गायी विण्याच्या दिवसांत, गोठ्यातच, हृदय बंद पडून. मला काही न सांगता. सीझनचं सगळं आमचं ठरलेलं होतं. याबद्दल इथे लिहायचं नाही. विषय दुर्बिणीचा आहे.

आमचा नियम असा होता की एल्क, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, ज्याला आधी दिसेल, पहिला बार त्याचा. तीसेक वर्षांत एल्क आधी मलाच दिसत आले. या आठच्या दुर्बिणीतून. व्हर्लिनकडे दहाची होती, पण त्याला काही दिसायचं नाही. “छे, हिच्यात नुसतं धुकं,” म्हणायचा. “तू बाबा घार आहेस घार.” कड्यावर बसलं की त्याची बडबड मात्र अखंड. ते जळकं झाड बघ कसं वाकलंय, तो खडक बघ झोपलेल्या बैलासारखा. मी शिकारीत शांतता पाळणारा माणूस आहे. तीस वर्षं सहन केलं.

तर गणित साधं आहे. आठ पटींत मला एवढं दिसत होतं, तर बारा पटींत दीडपट दिसेल. काउंटीच्या रस्त्यांची मोजणी करण्यात माझा जन्म गेला. भिंगांबद्दल मला कोणी शिकवायला नको.

मांस दरवर्षी निम्मं ट्वीटांच्या घरी जायचं. व्हर्लिनच्या बायकोला, आर्डिसला, फोन करून सांगितलं की फ्रीझर भरायची जबाबदारी यंदाही माझी. म्हणाली, “बघू.” यात बघण्यासारखं काय आहे, कळलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
गसच्या शिकारी सामानाच्या दुकानात गेलो. गस म्हणाला, “आठच घे, डेलमर. फार तर दहा. बाराच्या दुर्बिणीत एल्क मोठा दिसतो तसा हाताचा कंपही मोठा होतो.” मी म्हणालो, माझे हात दगडासारखे आहेत. त्याने बाराची हातात दिली आणि समोरच्या बँकेच्या घड्याळात किती वाजले ते विचारलं. काटे नाचत होते. मी म्हणालो, वारा आहे. “दुकानात?” म्हणाला. काउंटरपाशी उभी गिऱ्हाइकं हसली.

बाराचीच घेतली.

५ ऑक्टोबर, रविवार
मागच्या ओसरीवरून चाचणी. शेजाऱ्याच्या गायीला चार शिंगं दिसली. दोष दुर्बिणीचा नाही, कॉफीचा आहे. उद्यापासून कॉफी बंद. कायमची.

६ ऑक्टोबर, सोमवार
सकाळ : कॉफी घेतली नाही. बरं वाटतंय.

जेवणाआधी : डोकं फुटायला आलंय. डोकं दुखत असताना हात स्थिर राहणं शक्य नाही. म्हणजे हाताच्या स्थिरतेसाठीच कॉफी आवश्यक आहे. दोन कप घेतले. गाय अजून चार शिंगांचीच.

११ ऑक्टोबर, शनिवार
बाराची परत केली. तिने मला फसवलं. तिच्याऐवजी पंधराची आणली, सोबत ट्रायपॉड. हे आधीच सुचायला हवं होतं. नोकरीत माझं यंत्र कायम तीन पायांवर उभं असायचं. हाताचा संबंधच नाही. धंदेवाईक पद्धत हीच. गस म्हणाला, “एल्क बघायचाय की चंद्रावरची माणसं?” मी पैसे मोजले.

संकल्प : ओपनिंग डेला, सीझनच्या पहिल्याच दिवशी, नऊच्या आत एक नर एल्क. दुपारी मांस आर्डिसच्या दारात.

२५ ऑक्टोबर, शनिवार. ओपनिंग डे
उजाडायच्या आत कड्यावर पोचलो. बर्फ घोट्यापर्यंत. ट्रायपॉडचे पाय खडकात बसेनात, त्यात बराच वेळ गेला.

पंधराच्या दुर्बिणीत डोंगराचा रुमालाएवढा तुकडा दिसतो. म्हणून समोरच्या उताराचे चौकोन पाडले आणि मोजणीच्या शिस्तीने एकेक चौकोन तपासला. एक नर एल्क दिसला, बसलेला. त्याच्यावर खूप वेळ नजर ठेवली. उठेना. त्याची शिस्त बघून कौतुक वाटलं. ऊन पडल्यावर तो ओंडका निघाला.

दुपारी पिकअपकडे परतलो, तर पिकअपला वळसा घालून कळप गेलेला. खुरांचे ताजे ठसे. एकाने टायरपाशी लेंड्या टाकलेल्या. मी पुढचा डोंगर बघत असताना ते पाठीमागून गेले. याला काय म्हणायचं?

दिवसभर कोणी एक शब्द बोललं नाही. शांतता उत्तम होती. पण इतक्या शांततेत लक्ष लागत नाही, असंही एक निरीक्षण.

१ नोव्हेंबर, शनिवार
पंधराची परत. गसने “आता वीस?” असं विचारलं. त्याच्या दुकानात मी तीस वर्षं जातोय.

जुन्या आठवर आलो. आठ शास्त्रशुद्ध आहे. संधिप्रकाशात तिच्यातून डोळ्याकडे उजेड जास्त येतो, दृश्य रुंद दिसतं, हाताचा कंप कमी जाणवतो. मी हे आधीपासून म्हणत होतो.

एल्क दिसले नाहीत. त्यांनी या वर्षी जागा बदलली असावी. मला न कळवता.

२ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलापाशी आर्डिस भेटली. म्हणाली, “काय घार, फ्रीझरमध्ये अजून नुसते वाटाणेच आहेत हं माझ्या.” मी भिंगांची अडचण समजावली. ती म्हणाली, “मग व्हर्लिनची घेऊन जा. खुंटीला लटकून आहे.” मी म्हणालो, त्या दहाच्यातून धुक्याशिवाय काही दिसत नाही, तो स्वतःच सांगायचा. तिने कपात बघत म्हटलं, “असं सांगायचा होय?”  मग कप बराच वेळ ढवळत होती. ती साखर घेत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
व्हर्लिनची दुर्बीण आणली. कातडी पट्ट्याला अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे. ओसरीवर उभा राहून डोळ्याला लावली. पलीकडच्या टेकडीवरचं कुंपण दिसलं. मग कुंपणाच्या तारेचे काटे दिसले. मग तारेवरच्या पक्ष्याची चोच. धुकं कुठेही नव्हतं.

खाली बसलो.

म्हणजे तीस वर्षं हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता. इतकी स्वच्छ दुर्बीण गळ्यात, आणि मला सांगायचा, डेलमर, तुझी आठचीच चांगली, बदलू नकोस. केसाने गळा कापला. एवढ्या वर्षांत ताकास तूर लागू दिली नाही. चांगली वस्तू स्वतःकडे ठेवून मला भंगारावर खूश ठेवलं. त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला. डाव्या बाजूचा पुढचा.

संध्याकाळ : शांतपणे विचार केला. एवढी चांगली दुर्बीण असूनही त्याला एल्क दिसायचे नाहीत, ते मलाच दिसायचे. याचा अर्थ माझी नजर मला वाटत होती त्याहूनही तीक्ष्ण आहे. आता तीच नजर आणि हीच दुर्बीण एकत्र आल्यावर काय होईल? फ्रीझरची काळजी मिटली. आर्डिसला फोन करून सांगितलं, वाटाणे काढून ठेव, जागा लागेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार
एकही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
एकही नाही. खडकावर टेकून धरली, टोपीवर ठेवून धरली, छातीशी काठी लावून धरली. डोंगर स्वच्छ दिसतो. झाडं, दगड, बर्फ, सगळं स्वच्छ. पण बघायचं कुठे? डोंगर फार मोठा आहे. पूर्वी तो लहान होता.

व्हर्लिन त्या जळक्या झाडाचं कौतुक सुरू करायचा तेव्हा मी वैतागून, एकदाचं गप्प बसावं म्हणून, तिकडे दुर्बीण वळवायचो. नेमके तिथेच एल्क असायचे. एका वर्षी तो एका खडकावर इतकं बोलला की मला उठून जावंसं वाटलं. खडकामागे शिंगांना सहा फाटे असलेला नर होता. योगायोग म्हणून सोडून दिलेल्या या गोष्टी आज एकापाठोपाठ आठवल्या. थंडीने डोकं नीट चालत नव्हतं. लवकर उतरलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग
रिकाम्या हाताने आर्डिसकडे जेवायला गेलो. कारणं तयार ठेवली होती. तिने टेबलावर भाजलेलं मांस ठेवलं. सणाची टर्की नव्हती. पहिल्या घासाला कळलं, एल्क.

विचारलं, कोणी दिलं? म्हणाली, “कोण देणार? मंगळवारी सकाळी मागच्या गवताच्या गंजीवर ताव मारत होती एक मादी. व्हर्लिनची रायफल काढली, ओसरीच्या खांबाला टेकवली, संपलं. गस येऊन सोलून, कापून देऊन गेला.” म्हणजे गसला माहीत होतं. मी विचारलं, दुर्बीण कुठली वापरलीस? म्हणाली, “चष्मा घातला होता ना.”

निम्मं मांस पांढऱ्या कागदात बांधून माझ्यासाठी ठेवलेलं. प्रत्येक पुडक्यावर ‘डेलमर’.

मी सरळच विचारलं. त्याला दिसायचे का? तिने लेफ्सा, बटाट्याची पातळ पोळी, माझ्या ताटात वाढली, मग बसली. “डेलमर, तो घरी येऊन बूट काढता काढता सांगायचा. आज त्या ठोंब्याची मान वळेपर्यंत एका दगडाची इतकी स्तुती करावी लागली, की लग्नात तुझीही केली नव्हती.”

मी म्हणालो, सरळ सांगायचं, तिथे आहे म्हणून.

“सरळ सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, तुला आधी दिसला, बार तुझा. नियम म्हणजे नियम. आधीच वर्षातून एकदा हसणारा माणूस तू. एल्क पहिल्यांदा दिसला की हसायचास म्हणे, मोठ्याने, पोरासारखा. तेवढ्यासाठी तो डोंगर चढायचा. शिकारीची त्याला एवढी हौस नव्हतीच. त्याचे गुडघे कसे होते, माहीत होतं ना तुला?”

गुडघ्यांचं मला माहीत नव्हतं.

लेफ्सा तशीच ठेवली. म्हणालो, तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलं. “हो,” म्हणाली. “मांस विसरू नकोस.”

विसरलो. पिकअप सुरू केल्यावर ती काचेवर टकटक करून आत ठेवून गेली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
तीस वर्षं मी घार नव्हतो. मला घरोघरी घार म्हणत. चर्चमध्येसुद्धा. किती जणांना माहीत होतं?

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्याने तीही सोय ठेवली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
सीझनचा शेवटचा दिवस. गेलो नाही. मांस शिजवलं. चांगलं होतं. त्याचाही राग आला.

६ डिसेंबर, शनिवार
आर्डिसने फोन केला, तो कडा मला एकदा दाखव. सीझन संपला होता, रायफल नेली नाही. तिच्या गळ्यात माझी आठची, माझ्या गळ्यात त्याची दहाची. वाटेत बोललो नाही. मी अजून रागावलेलो आहे, हे तिला कळावं म्हणून.

बसलो. तिने थर्मॉस उघडला. मी सवयीने दुर्बीण लावली आणि जळक्या झाडाखाली एल्क दिसले. सहा माद्या, बर्फ उकरत. कोणी न सांगता. मला, आधी.

हसू आलं. ते दाबलं. सांगणार होतो, पण तिच्याकडे पाहिलं, ती हातमोजे काढून व्हर्लिनच्या जागेवरचा बर्फ झाडत होती. तेव्हा म्हणालो, ते जळकं झाड बघ, फारच वाकलंय. ती म्हणाली, “हं.” मी म्हणालो, वीज पडली असावी त्याच्यावर, अमुक साली. “हं.” मग खोडाची साल सुटल्याबद्दल बोललो. मग शेजारच्या खडकाबद्दल, त्यावरच्या शेवाळाबद्दल, नोकरीत हा उतार मोजताना आमची मोजणीची साखळी कशी तुटली होती त्याबद्दल. ती कॉफी पीत होती. एवढी बडबड किती अवघड असते याची मला कल्पना नव्हती. एल्क चरत चरत झाडीत शिरले, शेवटची शेपटीसुद्धा दिसेनाशी झाली, तरी मी बोलतच होतो.

मग ती म्हणाली, “सहा होत्या ना?”

मी विचारलं, केव्हा दिसल्या तुला?

“बसल्या बसल्या. म्हटलं होऊ दे तुझं बोलणं. एवढं सलग बोलताना तुला कधी ऐकलं नव्हतं.”

आठच्या दुर्बिणीतून?

“नाही रे. चष्म्यातून.”

व्हर्लिनला मी माफ केलेलं नाही. आठ की दहा, हेही ठरलेलं नाही. घसा बसला आहे.