माणसं जेवली का

साहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते. अमेरिकेत मॉरिसव्हिलला तुमच्या मुलीच्या गॅरेजवरची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा खाली एक निवृत्त ब्रिटिश जनरल राहतात एवढंच मला ठाऊक होतं. एका रविवारी मी पायऱ्यांवर बसून आईशी फोनवर बोलत होते. तुम्ही काठी टेकत आलात आणि विचारलंत, "कंचं गाव तुजं?" माझ्या हातून फोन पडायचाच बाकी होता. दुसऱ्या महायुद्धात, विशीच्या आत, तुम्ही मराठा पलटणीत लेफ्टनंट होऊन इटलीत लढलात आणि साताऱ्याकडच्या शिपायांकडून ही भाषा शिकलात, हे मग कळलं. पुढे मलायाची जंगलं, जर्मनी, लंडनचं ऑफिस, छातीभर पदकं. मराठी मात्र शिपायाचीच राहिली. मी एमएस करणारी मुलगी, पण माझ्या 'इश्यू' आणि 'प्रॉब्लेम'वर तुम्ही खेकसायचात, "धड बोल की."

दुसऱ्या वर्षी तुमची बढती उलटी सुरू झाली. आधी आठवणीतून लंडन पुसलं गेलं, मग जर्मनी, मग मलाया. मुलगी कोण तेही आठवेना. थंडीत तुम्ही जेवण सोडलंत. डॉक्टर म्हणाले, गिळायला त्रास होत असेल. मुलीने सूप केलं, खीर केली, तुम्ही ताट सरकवत राहिलात. शेवटी ती माझ्या दारात आली. "ते काहीतरी विचारतायत, तुझ्या भाषेत. प्लीज, खाली ये."

मी खाली येते, तुम्ही विचारता, "मान्सं जेवली का?" मला वाटतं, आपल्याकडे घरी आलेल्याला विचारतात तसंच हे. मी म्हणते, "हो, माझं झालं, तुम्ही घ्या." तुम्ही टेबलावर मूठ आपटता. "तुजं न्हाई इचारलं, हवालदार. मान्सं?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुम्हीच सांगितलं होतं, पलटणीत सगळे शिपाई जेवल्याचा रिपोर्ट हवालदार देत नाही तोवर साहेब घास उचलत नाही. मी चपला काढून सरळ उभी राहिले. चपला का काढल्या, देव जाणे. "जेवली, साहेब." तुम्ही चमचा उचललात. तुमची मुलगी सिंकपाशी तोंड फिरवून रडत होती.

मग रोज संध्याकाळी क्लासवरून आले की आधी रिपोर्ट, मग माझा वरणभात. तुमच्या मुलीनेही 'जेवली, साहेब' पाठ केलं, पण तिच्या तोंडून ते तुम्हाला पटेना. माझी वर्गातली मैत्रीण म्हणायची, "यार, तू आर्मी जॉइन केलीस का?" मी हसायचे. पण माझ्या एका शब्दावर एक माणूस जगतोय, याची मला आतून भीती वाटायची.

वसंतात अंगणातलं डॉगवुडचं झाड फुललं त्या आठवड्यात तुम्ही एक शब्द वाढवलात. "समदी?" मी म्हणाले, "समदी, साहेब." "खोटं बोलू नगंस. दोघं अजून वर हायेत, डोंगरावर." चमचा खाली ठेवलात. मी म्हणाले, आत्ताच आली. तुम्ही दाराकडे पाहिलंत. दारात कोणी नव्हतं. त्यानंतर तुम्ही काही खाल्लं नाही, आणि त्याच आठवड्यात गेलात. चर्चमध्ये तुमची सगळी कारकीर्द वाचून दाखवली, हुद्दे, पदकं, देश. ते दोघं त्यात नव्हते. गाडीत मी त्या दोघांचं सांगितलं, तेव्हा तुमच्या मुलीने विचारलं, "ते कोण होते?" मला तरी कुठे ठाऊक होतं.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं वाक्य मी खोडलं असतं. तुम्ही चमचा खाली ठेवलात त्या संध्याकाळी मला तुमची कीव आली नाही साहेब, त्या दोघांचा हेवा वाटला. त्या अख्ख्या देशात माझ्यासाठी ताट समोर ठेवून थांबणारं कोणी नव्हतं.