डिसेंबरात खवळलेला दर्या हवा

त्रिंकोमालीजवळ, श्रीलंका
२० नोव्हेंबर २०२३

ती. बाबांस,
तेजस्वीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरा आसा, ठेव आता’ याच्यापुढे जात नाही. मी हॉस्टेलवर असताना मात्र तुमची दोन-दोन पानी पत्रं यायची. म्हणून पुन्हा कागद घेतला. याचा फोटो किशोरीवहिनीला पाठवते, ती वेंगुर्ल्याच्या बाजारातून छापून आणेल. तुमचं उत्तरही तिने तसंच धाडावं. दादा गोव्याहून आला की त्याला सांगा, त्याच्या बायकोला मी पोस्टमन केलंय.

इथे येऊन आठ दिवस झाले. सिनेमा आपल्याकडच्या मच्छीमारांचा, पण नायकाच्या तारखा डिसेंबरच्याच, आणि दिग्दर्शक सिद्धेशला खवळलेला दर्या हवा. आपला दर्या डिसेंबरात कसा निजलेला असतो ते तुम्हाला काय सांगू! इथे पाऊस याच दिवसांत. म्हणून वेंगुर्ल्याची गोष्ट श्रीलंकेत. बासष्ट माणसांच्या खोल्या, कॅमेऱ्यांची कस्टमची यादी, ड्रोनची परवानगी, नायकाचं बिनकांद्याचं जेवण, सगळं माझ्या गळ्यात. एवढं मोठं काम पहिल्यांदाच एकटीवर आलंय. बसले की वाटतं काहीतरी विसरले, म्हणून उठते. उठले की कशासाठी उठले तेच आठवत नाही.

जेवण आपल्यासारखंच, खोबरं आणि मासे. औषध वेळेवर घ्या. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
तेजस्वी

वेंगुर्ले
२२ नोव्हेंबर

चि. तेजस्वीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र किशोरीने आणून दिले. ती म्हणते, पोस्टमनला दिवाळीची पोस्त लागते.

वेंगुर्ल्याची गोष्ट लंकेत करतात, तर उद्या लंकेची गोष्ट कुडाळात करतील. असो. तुला काही विचारतो, त्याची उत्तरे नीट दे. होडी कुठून बाहेर काढणार? उघड्या किनाऱ्यावरून की खाडीच्या मुखातून? मुखाशी वाळूचा बांध आहे का? त्यावर लाट फुटते का? तिथले जुने होडीवाले काय म्हणतात? तू खोल्या आणि कांदे लिहिलेस, हे काहीच लिहिले नाहीस.

दोन दिवस माझे जाळ्याच्या कामात लक्ष नाही. एकच गाठ तीनदा सोडली.

जिवाला जप.

तुझा बाबा

त्रिंकोमालीजवळ
२७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचे प्रश्न वाचून घाम फुटला, कारण त्यातले निम्मे मी कोणाला विचारलेच नव्हते. होडी खाडीच्या मुखातूनच काढायची आहे. बांध आहे, आणि त्यावर लाट फुटते. सिद्धेशला तीच तर हवी आहे.

इथे सेल्वम नावाचे म्हातारे होडीवाले आहेत. दुभाष्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी हातातलं काम न सोडता सांगितलं की फेब्रुवारीत ये, तुला हवी तिथे नेतो. आता माझी होडी मिळणार नाही आणि माझी माणसंही नाहीत, म्हणाले. मी आणखी दोनदा गेले. तिसऱ्यांदा ते उठून घरात गेले.

सिद्धेश म्हणतो, बारा मिनिटांचं काम आहे. चार माणसं होडीत, मुख ओलांडायचं, वळायचं, परत यायचं. नायकाच्या जागी बदली माणूस, लाइफ जॅकेटं शर्टाच्या आत. पर्यटकांना फिरवणारे चार होडीवाले दुसऱ्या गावात तयार झालेत. ‘सुरक्षेची खात्री केली आहे’ या कागदावर १ तारखेपर्यंत माझी सही हवी. तोवर त्याचा दर तासाला निरोप येतो.

तुम्ही इतकी वर्षं तांडेल होतात, होडी आणि माणसं तुमच्या शब्दावर चालायची. खरं सांगा, बारा मिनिटांत असं काय होणार? हो म्हणालात तर मला बरं वाटेल, हेही लपवत नाही.

उत्तराची वाट पाहत, तुमची
तेजस्वी

वेंगुर्ले
२९ नोव्हेंबर

चि. तेजस्वीस,
अ. आ.

हो म्हणायला मला जमत नाही. का, ते लिहितो. तुझ्या आईलाही हे कधी सांगितले नव्हते.

२००१ साली माझा खलाशी भिकाजी गेला, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. दर्या निवळला नव्हता. आमच्या ट्रॉलरच्या शेटला पहिली मासळी आपलीच बाजारात यायला हवी होती. म्हणाला, बाळा, बाकीचे घाबरतात, तू घाबरणार काय? मुखावर लाट फुटताना मला दिसत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तांडेल नाही म्हणाला तर होडी हलत नाही. मी तो शब्द काढला नाही, शेटपुढे मला मोठा दिसायचे होते.

मुखावर दुसरी लाट आडवी आली. भिकाजी पुढे दोरापाशी उभा होता. मी वळून पाहिले तेव्हा नव्हता. बारा मिनिटे सोड, तू हे वाक्य वाचतेस तेवढाही वेळ लागला नाही.

सगळे म्हणाले, दर्यान नेल्यान. मीही तेच म्हणालो. पुढे मी समुद्रावर गेलो नाही. तुम्हाला वाटले, पाठ दुखते म्हणून.

सही करायची की नाही ते तू ठरव. लांबून मी हुकूम देत नाही.

तुझा बाबा

त्रिंकोमालीजवळ
३ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून बराच वेळ किनाऱ्यावर चालत राहिले. मग जाऊन सिद्धेशला सांगितलं की सही करणार नाही. तो ओरडला नाही. म्हणाला, मग तुझी गरज नाही. माझ्या मदतनिसाने दहा मिनिटांत सही करून दिली.

काल सकाळी ते चौघे होडीवाले आले. मला तिथे असण्याचं काही कारण नव्हतं, तरी गेले. दुभाष्याला तुमचं पत्र मराठीतून इंग्रजीत सांगितलं, त्याने ते त्यांना तमिळमधून. तुम्हाला न विचारता केलं, माफ करा. चौघे माडाच्या झापाखाली बसून आपसात बोलले. त्यातल्या थोरल्याने विचारलं, हा तांडेल जिवंत आहे का? मी हो म्हटलं. मग त्यांनी इंजिन उतरवलं आणि निघून गेले. सिद्धेशने नुसत्या लाटा टिपल्या. होडीचा प्रसंग आज आतल्या शांत पाण्यात केला म्हणे.

पण बाबा, मला जिंकल्यासारखं वाटत नाही. काल दर्या इतका वाईट नव्हता. कदाचित होडी गेली असती, आली असती, आणि मी उगाच घाबरट ठरले असते. आता पुढचं काम कोण देईल? हेच डोक्यात फिरतं. शुक्रवारी घरी पोचते.

एक विचारू? भिकाजीकाकांच्या सुगंधाकाकूंना हे माहीत आहे?

तुमची
तेजस्वी

वेंगुर्ले
७ डिसेंबर

चि. तेजस्वीस,
अनेक आशीर्वाद.

उद्या येशीलच, तरी लिहितो. समोर बसलीस की मला बोलता येणार नाही.

गेली असती आणि आली असती, हे खरेच असेल. कोणी सांगू शकत नाही. त्याची तळमळ राहील. दुसऱ्या तळमळीपेक्षा ती बरी, एवढे मी खात्रीने सांगतो.

तुझा प्रश्न वाचला आणि काल भिकाजीच्या घरी गेलो. सुगंधा अंगणात सुकी सुंगटे निवडत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले. तिने हात थांबवला नाही. शेवटी एकच विचारले, ‘तेना नको म्हटल्यान काय?’

ते मी तुलाही लिहिले नव्हते. म्हटले होते गो. दोर सोडताना भिकाजी म्हणाला होता, तांडेला, आज नको. मी हसून त्याला घाबरट म्हणालो. सुगंधाला तेही सांगितले. तेव्हा तिने सूप खाली ठेवले. चहा विचारला नाही. म्हणाली, अनिश सोमवारी कुडाळहून येतोय, हेच्यातला सगळा त्याच्यासमोर बोल, तुझ्या तोंडान. बाप गेला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. आता बापापेक्षा उंच आहे.

सोमवारपर्यंत चार दिवस आहेत आणि मला घरात बसवत नाही. बंदरावर जातो, परत येतो, पुन्हा जातो. तिथे कसे बोलायचे ते ठरलेले नाही. दर्याचे नाव घ्यायचे नाही, एवढेच ठरवले आहे.

तू सोबत येशील ना?

तुझा बाबा